पिवळ्या कार्डावरचे शब्द

गुरुवारी सकाळी सव्वादहाला नंदन पाटणकरला त्याच्याच वर्गात पिवळं कार्ड मिळालं. दिलं सोयॉननं. एकोणीस वर्षांची, पुसानची, इंग्रजीतला काल आणि आज अजून एकाच पिशवीत कोंबणारी पोरगी. तिनं भिंतीवरच्या खिशातून कार्ड काढलं, दोन्ही हातांत धरलं, मान झुकवली आणि वडीलधाऱ्या माणसाला जसं द्यायचं असतं तसं त्याच्यापुढे केलं. शिक्षा, आणि तीही इतक्या अदबीनं. बाकीची अकरा जणं ओठ दाबून बसली होती. मागचा मिनजे टेबलाखाली डोकं घालून हसत होता. नंदननं कार्ड घेतलं, तेही नकळत दोन्ही हातांनी.

गुन्हा असा, की फळ्याकडे पाठ करून तो खिशातला फोन बघत होता आणि मुलीचा निरोप वाचता वाचता त्याच्या तोंडून "हॉल" असा शब्द निघाला. हा लग्नाचा हॉल नव्हे. कोरियातली तरणी पोरं धक्का बसला की असं म्हणतात. आपल्याकडे जिथे 'च्यायला' येतं किंवा 'अरे देवा' येतं, तिथे. पोरांना हसवायला नंदन हा शब्द अधूनमधून मुद्दाम टाकायचा, त्याचं काही नव्हतं. आज त्यानं काहीच ठरवलं नव्हतं. त्रेसष्ट वर्षांच्या माणसाला आत कुठेतरी ठेच लागली आणि वर आला तो परक्या पोरींचा, वसतिगृहातल्या, लिपस्टिक लावता लावता बोलायचा शब्द. त्याच्या आईनं मुद्दाम घडवलेला, मास्तरांनी छड्या मारून घासलेला, कॅनडातल्या रेजिना शहराच्या बर्फातही तीस वर्षं झाकून जपलेला मराठी गडी त्या क्षणी जागेवर नव्हता. रजेवर गेला होता म्हणा. नंदनला याचं वाईट वाटायला हवं होतं. तो वाट बघत उभा राहिला, पण वाईट वाटेना. उलट जिन्यावरून धावत उतरल्यावर वाटतं तसं काहीतरी हलकं वाटलं, आणि मग त्या हलकं वाटण्याचीच थोडी भीती वाटली.

निरोप ईशिताचा होता, ओकव्हिलहून. शनिवारी विमानानं येतेय, घराबद्दल बोलायचंय, दुपारी जेवू या. सगळं इंग्रजीत, तीन तुकड्यांत, पूर्णविरामसुद्धा न देता. मुलगी दोन वर्षांत त्याच्याकडे हॅलिफॅक्सला आली नव्हती. फोनवर तिचं बोलणं म्हणजे हवामान, त्याचं ब्लड प्रेशर आणि 'ओके बाबा'. घराबद्दल म्हणजे काय ते नंदनला विचारायची गरज वाटली नाही. तळघरातली खोली. तिच्या नवऱ्यानं, विक्रमनं, आणि तिनं मागच्या साली बेसमेंट नीट करून घेतलं होतं, वेगळा वॉशरूम, वेगळं दार. म्हातारा बाप विकत घेतलेल्या फर्निचरसारखा तिथे लावून द्यायचा, म्हणजे चिंता मिटली. तिचं चुकत होतं असंही नाही. फक्त त्याला जायचं नव्हतं, आणि नाही म्हणायला तिच्याशी एका टेबलावर बसून बोलावं लागणार होतं. त्याला धास्ती होती ती त्या टेबलाची. नाही म्हणण्याची नव्हे.

वर्गात फक्त इंग्रजी, हा त्या शाळेचा नियम. शाळा म्हणजे बंदराकडे उतरणाऱ्या रस्त्यावरच्या एका इमारतीचा तिसरा मजला. खाली पिझ्झाचं दुकान, वर आम्ही, असं नंदन सांगायचा. सहा-आठ महिन्यांसाठी आलेली कोरियन पोरं, मधूनच एखादा ब्राझिलचा, एखादी तुर्की. आईबापांनी पैसे मोजलेत ते इंग्रजीचे, तेव्हा तिसऱ्या मजल्यावर दुसरी भाषा उच्चारली की पिवळं कार्ड. दिवसात तीन कार्डं झाली की घरी जा, गैरहजेरी लागली. असल्या नियमाची नंदनला पहिल्या दिवशी लाज वाटायला हवी होती, वाटली नाही. त्याला नियम ओळखीचा वाटला होता. आणि तो नियम राबवण्यात त्याचा हातखंडा आहे, हे मुख्याध्यापिकेनं आठवड्याभरात ओळखून कार्डांचं खातंच त्याच्याकडे दिलं होतं.

पण त्या कार्डावर एक गंमत होती. कोणी केली कुणास ठाऊक, कुठल्यातरी हुशार माणसानं कार्डावर चार रकाने छापून ठेवले होते: नाव, वेळ, काय बोललात, त्याचा इंग्रजीत अर्थ. शेवटचे दोन रकाने पकडलेल्या पोरानं भरायचे आणि शिक्षकानं तपासून सही करायची. बाकीचे शिक्षक न वाचता सही ठोकत. नंदन रेजिनाच्या रस्ते खात्यात सव्वीस वर्षं काढून निवृत्त झालेला माणूस. न वाचता सही त्यानं उभ्या जन्मात केली नव्हती. तो प्रत्येक कार्ड घेऊन पोरापुढे बसायचा. म्हणजे काय? कधी म्हणतात? आजीपुढे म्हणाल का? पोरं आधी घाबरली, मग चक्रावली, मग त्यांना चेव आला. जगात असा मास्तर त्यांनी पाहिला नव्हता, जो शिव्या पकडतो आणि मग त्या शिव्यांचा उपयोग विचारतो. दोन वर्षांत नंदनकडे चाळीसेक शब्द जमले. तेबाक, म्हणजे जोरदार, भन्नाट, लॉटरी. मॉंग, म्हणजे डोळे उघडे ठेवून कुठेच नसणं. ते 'मारायचं' असतं, आपण फेरी मारतो तसं. होन्बाप म्हणजे एकट्यानं जेवणं. यातला बाप म्हणजे भात, हे कळल्यावर नंदन दिवसभर स्वतःशी हसत होता.

होन्बापनं त्याचं आयुष्य बदललं असं म्हणणं जास्तीचं होईल, पण थोडंसं बदललंच. सुनेत्रा, त्याची बायको, गेल्यावर लोकांनी त्याला जो पहिला प्रश्न विचारला तो हाच, की आता जेवणाचं काय. पोटाची काळजी कुणाला नव्हती. तो उत्तम स्वयंपाक करायचा. त्यांना टोचत होतं ते ताट एक असणं. मराठीत एकट्यानं जेवणाऱ्या माणसाला शब्दच नाही, आणि जे आहेत ते सगळे सुतकातले. बिचारा. एकटाच असतो हो. कोणी नाही वाढायला. ओकव्हिलचे भाऊसाहेब, पंचाऐंशीचे, हृदयाचे डॉक्टर, मराठी माणसांच्या पहिल्या लाटेत कॅनडात आलेले आणि ती लाट आपणच आणली असं समजणारे, दर रविवारी फोन करून विचारायचे, "एकटाच जेवलास का रे?" आणि उत्तर यायच्या आत उसासा सोडून मोकळे व्हायचे. त्या उसाशाचा नंदनला मनस्वी संताप यायचा. घरात चार माणसं असून प्रत्येकजण आपापल्या फोनमध्ये तोंड घालून गिळतो, त्यांच्यासाठी नाही कुणी उसासत. आणि इकडे या पोरांकडे होन्बाप म्हणजे चक्क मिरवायची गोष्ट. कोण कुठे एकटा जेवू शकतो याच्या पायऱ्या आहेत म्हणे. दुकानात उभ्यानं नूडल्स खाणं ही पहिली, आणि शेगडीवर मांस भाजायच्या हॉटेलात एकट्यानं टेबल अडवून बसणं ही शेवटची, सगळ्यात शूराची. नंदन एका शनिवारी तिथे जाऊन आला. मांस खात नव्हता, म्हणून मश्रूम भाजले. सोमवारी वर्गानं टाळ्या वाजवल्या.

तो सुखात होता, हे एकदा स्पष्ट लिहून टाकलेलं बरं, कारण त्याच्या ओळखीतल्या कुणीही ते मान्य केलं नसतं. बंदरापलीकडे डार्टमथला त्याचा छोटासा काँडो, सकाळी आठची फेरीबोट, पंधरा मिनिटं पाण्यावर. वरच्या डेकवर वाऱ्यात उभं राहून मॉंग मारायचा. नौदलाची करडी जहाजं, समुद्रपक्षी, पलीकडच्या तेलाच्या टाक्या, काहीही डोक्यात शिरत नसे. रेजिनात सव्वीस वर्षांत त्यानं डोकं एवढं रिकामं कधी ठेवलं नव्हतं. तिथे त्याचं काम म्हणजे हिवाळ्यात फुगणारे रस्ते. वरून डांबर छान दिसतं. खाली मातीत पाणी अडकतं, गोठतं, आणि एके सकाळी गुळगुळीत रस्त्याच्या मधोमध कुबड येतं. लोक डांबराला शिव्या देतात. डांबराचं काही चुकलेलं नसतं. पाण्याला वाट काढून दिली नाही की हे होणार, हे तो नव्या पोरट्या इंजिनिअरांना दरसाल शिकवायचा. आणि संध्याकाळी घरी यायचा.

घरी त्याचाही नियम होता. शनिवारी दुपारी काय होईल याचा विचार करत शुक्रवारी तो फेरीच्या डेकवर उभा होता, आणि त्या दिवशी मॉंग काही लागेना. पाणी दिसत होतं, पण पाण्यात टेबल दिसत होतं. रेजिनाच्या घरातलं, पिवळ्या फॉर्मायकाचं, आधीच्या युक्रेनियन मालकानं सोडून दिलेलं. जेवणाच्या टेबलावर फक्त मराठी. ईशिता तेव्हा सात-आठ वर्षांची. गावात मराठी घरं तीन, त्यातल्या दोघांची मुलं कधीच वाहून गेलेली. आपली वाहू द्यायची नाही, हे नंदननं ठरवलं. मारलं नाही, ओरडला नाही. मारणाऱ्या बापांचा त्याला तिरस्कार होता. त्यानं काय करावं? ती इंग्रजीत बोलली की तो म्हणायचा, "ऐकू आलं नाही." शांतपणे, हसून. तिनं इंग्रजीत वरण मागितलं की ऐकू आलं नाही. पुन्हा मागितलं, पुन्हा नाही. मराठीतले शब्द जुळेपर्यंत भात गार व्हायचा. मग ती कोरडा भात खायला शिकली. भाऊसाहेब तेव्हा एका अधिवेशनासाठी आले होते, दोन दिवस राहिले, त्यांनी हे बघितलं आणि भारावले. पुढे मराठी मंडळाच्या स्मरणिकेत त्यांनी लिहिलं की प्रत्येक मराठी घरात पाटणकरांसारखं टेबल हवं. नंदननं ते पान फ्रेम करून लावलं होतं. आज त्याला वाटलं, परदेशात भाषा टिकवणारी आपली ही जी जमात आहे, ती पोटच्या पोरांना तोंड उघडू न देता भाषा टिकवते, आणि मग पोरं मंडळाच्या हॉलच्या बाहेर पार्किंगमध्ये जाऊन उभी राहिली की संस्कृतीच्या नावानं गळे काढते. हरामखोर आहोत आपण. सभ्य, धुतलेले, शुद्धलेखनाचे हरामखोर.

एक दिवस होता. त्याला तो दिवस कोणता हे नेमकं माहीत होतं, कारण त्या दिवशी उणे अडतीस होतं आणि शाळेची बस उशिरा आली होती. ईशिता नऊ वर्षांची. ओठ फुटलेला, रक्त सुकलेलं. टेबलावर बसल्या बसल्या तिनं सुरुवात केली, भराभर, श्वास न घेता, इंग्रजीत: मैदानावरच्या बर्फात काहीतरी, कुणीतरी तिला काहीतरी म्हणालं होतं, कुणीतरी हसलं होतं, मग ती आणि मग ते. सुनेत्राचा हात पोळीवर थांबला. आणि नंदन म्हणाला, ऐकू आलं नाही. ईशिता थांबली. तिच्याकडे त्या गोष्टीचं मराठी नव्हतं. असणार कुठून? ज्या शब्दानं तिला मारलं होतं तो शब्द मराठीत नव्हता, ज्या खेळात तिला घेतलं नव्हतं तो मराठीत खेळला जात नव्हता. ती बराच वेळ शोधत राहिली. तिचे डोळे टेबलावर फिरताना त्याला अजून दिसत होते, जणू शब्द मीठदाणीमागे पडला असेल. मग तिला सापडले. "काही नाही," ती म्हणाली. उच्चार स्वच्छ होता. त्यानं शाबासकी दिली. पुढची नऊ वर्षं, ती घर सोडून जाईपर्यंत, शाळेत काय झालं विचारलं की उत्तर तेच, स्वच्छ उच्चारात. आणि नंदन समाधानी. मुलीला मराठी येतं.

फेरी धक्क्याला लागली तरी तो उभाच होता. गेल्या महिन्यात मिनजेच्या कार्डावर एक शब्द आला होता, कोंदे. जिन्यात फोनवर बोलताना पकडला गेला होता. अर्थाचा रकाना त्यानं दोन आठवडे कोरा ठेवला. नंदननं सही अडवून धरली तेव्हा मान खाली घालून लिहिलं, मोडक्या इंग्रजीत: म्हातारा माणूस, ऐकत नाही, आमच्या वेळी असं होतं म्हणतो. हे कुणाला म्हणालास, नंदननं विचारलं. मिनजे म्हणाला, बापाला. बापाचा फोन होता. नंदनला तेव्हा सुटल्यासारखं झालं, मला नाही म्हणाला. मोठ्या ऐटीत सही केली. आज धक्क्यावर उतरता उतरता त्याला ती सही आठवली आणि कानशिलं तापली. चाळीस शब्द. परक्या मुलखातल्या, काल भेटलेल्या, उद्या निघून जाणाऱ्या पोरांकडून चाळीस शब्द घेतले, समोर बसून, नम्रपणे, म्हणजे काय रे बाबा, कधी म्हणतात. आणि पोटच्या पोरीकडून किती? त्यानं खरोखर आठवून पाहिलं. एकही नाही. ती जे बोलायची त्यातल्या एका शब्दाबद्दलही त्यानं तिला कधी विचारलं नव्हतं, म्हणजे काय. नंदन तिथे बाकावर पाच मिनिटं बसला. मग उठला आणि वर्गात गेला. माणसाला असं काही कळलं की तो कोसळतो वगैरे, ते कथांमध्ये. त्याला नऊ वाजता वर्ग होता आणि त्यानं तो बरा घेतला.

शनिवारी त्यानं ईशिताला घरी न बोलावता आपल्या नेहमीच्या कोरियन खाणावळीत बोलावलं. आपलं टेबल नको, एवढाच त्यात हिशेब. जाताना बसमध्ये त्यानं बेसमेंटला नकार द्यायचं भाषण मनात पक्कं केलं, मराठीत, मुद्द्यांसकट: काँडो आपला आहे, नोकरी आहे, डॉक्टर इथला चांगला आहे, आणि समुद्र तुझ्या आईला हवा होता. शेवटचा मुद्दा वापरायचा की नाही हे त्यानं प्रसंगावर सोडलं. ईशिता आधीच येऊन बसली होती. चौतीस वर्षांची बाई, केस वर बांधलेले, कोट न काढता बसलेली. डोळ्यांखाली काळं. तिनं त्याला अर्ध्या हातानं मिठी मारली. मालकीणबाईंनी न मागता छोट्या छोट्या वाट्या आणून मांडल्या, किमची, मोड आलेले मूग, वाळवलेले मासे, मग नंदन खात नाही हे आठवून मासे परत नेले, आणि नंदनबरोबर कुणीतरी आहे याचं आश्चर्य लपवायचा अजिबात प्रयत्न न करता एकदा ईशिताकडे, एकदा त्याच्याकडे बघून आत गेल्या.

ईशितानं आढेवेढे घेतले नाहीत. तिचं सगळं इंग्रजीतच होतं. जानेवारीत तिची नोकरी गेली, अख्खी टीमच काढली. विक्रम आणि ती नोव्हेंबरपासून वेगळे राहतायत. ती वरच्या मजल्यावर, तो त्या नव्या बेसमेंटमध्ये, वेगळं दार उपयोगी पडलं. आता ओकव्हिलचं घर विकायला काढलंय. नंदनचं भाषण तोंडाशी आलं होतं, तो म्हणाला, "पण तू म्हणालीस घराबद्दल..." आणि ईशिता म्हणाली, "माय हाउस, बाबा. नॉट युअर्स." मग चमच्यानं रश्श्यातला टोफू फोडत, त्याच्याकडे न बघता तिनं विचारलं, फॉलपर्यंत तुझ्याकडे राहू का. सप्टेंबरपर्यंत, पाच-सहा महिने. काहीतरी मिळेपर्यंत.

नंदनच्या मनात पहिल्यांदा काय आलं ते प्रामाणिकपणे सांगायचं तर त्याला आपल्या एकट्याच्या ताटाचं वाईट वाटलं. सकाळची शांतता, खिडकीशी ठेवलेली एक खुर्ची, कुणालाही न विचारता टाकलेलं मीठ. दोन सेकंद. दुसऱ्यांदा मनात आलं ते असं की हिची नोकरी जानेवारीत गेली, नवरा नोव्हेंबरात वेगळा झाला, आणि हे मार्च चाललंय. दर रविवारी फोन झाला होता. दर रविवारी त्यानं विचारलं होतं, काय चाललंय. आणि दर रविवारी तिनं सांगितलं होतं, काही नाही.

"ये," तो म्हणाला. "पूर्वेकडची खोली आहे. सकाळी उजेड फार येतो, पडदा लावावा लागेल."

ईशितानं मान हलवली, पण चमचा खाली ठेवला. तिच्या गळ्याशी लाल झालं होतं. लहानपणीही रडायच्या आधी तिथेच व्हायचं. "बट आय कान्ट डू द थिंग, बाबा," ती म्हणाली. "द आय-कान्ट-हिअर-यू थिंग. नॉट अगेन. मी हॉटेलात राहीन." शेवटचं वाक्य मराठीत आलं, तिच्याही नकळत.

पंचवीस वर्षं नंदन समजत होता की हे फक्त त्याला आठवतं. तिनं त्याला नावही देऊन ठेवलं होतं. त्याच्या तोंडात वाक्यांची रांग लागली, एकेक खरं, एकेक पुराव्यासहित: तेव्हा गावात तीन घरं होती, तुझे आजी-आजोबा फोनवर तुझ्याशी काय बोलणार होते, आम्हाला कुणी सांगायला नव्हतं, आमच्या वेळी. तिथे तो थांबला. आमच्या वेळी हे दोन शब्द त्याच्या जिभेवर होते आणि ते कुणाचे शब्द आहेत हे त्याला आता माहीत होतं. मिनजेच्या कार्डावर त्याखाली त्यानं स्वतः सही करून ठेवली होती. त्यानं सगळी रांग गिळली. किमचीबरोबर गिळली, म्हणून डोळ्यांत पाणी आलं, ते किमचीच्या खात्यावर गेलं.

"ते मी चुकीचं केलं," तो म्हणाला. "तू हवं तसं बोल."

एवढंच. मराठी बापाला एवढं बोलायला पंचवीस वर्षं लागतात आणि बोलून झाल्यावर आकाशातून फुलं पडत नाहीत. ईशितानं त्याच्याकडे नीट, संशयानं पाहिलं, सेकंडहँड गाडी बघावी तसं. मग तिनं कोट काढला आणि खुर्चीच्या पाठीवर टाकला. आणि बोलायला लागली. आधी नोकरीबद्दल, मग विक्रमबद्दल. नंदन ऐकत होता. बोलणं इतकं वेगात होतं की काही ठिकाणी खरोखरच ऐकू येत नव्हतं. ओठ फुटला होता त्या दिवसाचं विचारावं असं त्याच्या मनात आलं. त्यानं विचारलं नाही. तो दिवस तिचा होता. तिला द्यायचा तेव्हा देईल, नाहीतर नाही देणार. विक्रम वाईट नव्हता, ईशिता सांगत होती, पण मागच्या उन्हाळ्यात विमान उतरल्यावर त्यानं टाळ्या वाजवल्या, आणि आय गॉट द इक, त्यानंतर काही जुळलंच नाही.

"इक म्हणजे काय?" नंदननं विचारलं.

ईशिता जागच्या जागी गोठली. त्यानं ते बघितलं: खांदे वर, हनुवटी आत. त्या घरात प्रश्न म्हणजे दुरुस्तीची नांदी, हे तिच्या अंगानं शिकून ठेवलं होतं. "का?" तिनं मराठीतच, पण थंडपणे विचारलं. "मराठीत काय म्हणतात ते सांगणार आहेस?"

"नाही. मला माहीत नाही म्हणून विचारतोय."

मालकीणबाई पाणी ठेवून गेल्या. मग ईशिता सांगायला लागली, अडखळत, कारण असल्या शब्दांचा अर्थ कुणी कधी विचारत नाही. इक म्हणजे किळस नव्हे. म्हणजे आवडतं माणूस असतं आणि ते काहीतरी अगदी फालतू करतं, आणि तुझ्या आत एकदम काहीतरी बंद होतं. फालतूच हवं; मोठा गुन्हा असेल तर तो इक नाही. नंदननं विचारलं, म्हणजे नखं चावणं? हो, पण नाही. लग्नात कॅमेरा बघून नाचणं? हो, तो चालेल. आई असं म्हणायची का? ईशिता हसली, नाकातून, सुनेत्रासारखी. आईला शब्द माहीत नव्हता, म्हणाली, पण आईकडे तुझे होते. यादीच होती. आम्ही करायचो. सकाळी तू ऑफिसला गेलास की मी आणि आई, स्वयंपाकघरात उभ्या उभ्या, टोस्ट खाताना.

"मराठीत?" नंदननं विचारलं आणि जीभ चावली.

"इंग्लिशमध्ये," ईशिता म्हणाली. "ती मला म्हणायची, बोल लवकर, बस येईल."

म्हणजे त्या घरात दुसरं टेबल होतं. त्याच्या नकळत, रोज सकाळी पंधरा-वीस मिनिटं, उभ्यानं. आणि त्याची सुनेत्रा, जी संध्याकाळी पोळीवर हात थांबवून गप्प बसायची, ती सकाळी आपल्या खानदेशी इंग्रजीत पोरीला सगळं बोलू देत होती. नंदनला झोंबलं. चांगलंच झोंबलं. पण त्या झोंबण्याच्या खाली, फार खाली, कुठेतरी पाण्याला वाट मिळाल्यासारखं झालं: पोर नऊ वर्षं अगदीच उपाशी नव्हती तर. कुणीतरी तिला वाढत होतं. त्यानं रुमालानं तोंड पुसलं आणि म्हणाला, सांग यादी.

ती सांगत सांगत बाहेर पडली. पहिला, घरच्या फोनवर स्वतःच्या बायकोलासुद्धा 'पाटणकर हिअर' म्हणणं. दुसरा, सिनेमागृहात पडद्यावरचा रस्ता बघून, हा उतार चुकलाय, असं मोठ्यानं सांगणं. तिसरा ती सांगत असताना हसू आवरेना म्हणून बसथांब्याच्या खांबाला धरून उभी राहिली; वारा बंदराकडून सरळ अंगावर येत होता, कोटाची बटणं उघडी, आणि तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि ते कशाचं हे तपासायला नंदन गेला नाही. तो मधूनमधून विचारत होता, मग आई काय म्हणाली, आणि ती आईचा आवाज काढून सांगत होती. तो आवाज त्यानं कधी ऐकला नव्हता आणि तरी ओळखला. फेरीकडे जाणारी बस आली. दार उघडलं, पायरी खाली झुकली, ड्रायव्हरनं दोघांकडे पाहिलं. ईशिताचं चौथ्यातलं वाक्य अर्ध्यावर होतं. नंदननं ड्रायव्हरला हात केला, तू जा म्हणाला, आणि बस गेली.